गेलेल्यांची यादी

माणूस माणसाला सोडून जातो तेव्हा त्यामागची कारणं फार खोल असतात आणि ती शब्दांत सांगता येत नाहीत. विमा कंपनीच्या नूतनीकरण विभागाला मात्र ती सांगावीच लागत. त्यासाठी फॉर्मवर दीड इंच जागा ठेवलेली होती. त्या दीड इंचात काय लिहायचं हे गेली अकरा वर्षं तो ठरवत आला होता: 'हप्ता परवडत नाही', 'परगावी स्थलांतर', अलीकडे 'सरकारी योजना', आणि काहीच सुचलं नाही तर 'वैयक्तिक'. विभागप्रमुख झाल्यापासून त्याचं मत असं बनलं होतं की, जगातलं कुठलंही दुःख दीड इंचात मावतं, फक्त अक्षर बारीक काढावं लागतं.

यादी गुरुवारी सकाळी यायची. तिचं छापील शीर्षक 'मुदत संपूनही नूतनीकरण न केलेले विमाधारक' असं होतं, पण एवढं लांबलचक बोलत बसायला वेळ कुणाला होता? विभागात त्यांना 'गेलेले' म्हणत. 'आज किती गेले?' 'अडतीस.' 'आणि मागच्या गुरुवारचे?' 'त्यातले दोघं परत आले.' जे खरोखर मरत त्यांना 'निकाली' म्हणत, कारण त्यांची फाईल निकालात निघायची. त्यांच्याबद्दल विभागात कुणाला वाईट वाटत नसे. मेलेला माणूस कंपनीला सोडून जात नाही, शेवटच्या श्वासापर्यंत तो कंपनीचाच असतो. नवीन लागलेल्याला ही भाषा अंगवळणी पडायला दोन महिने लागत, आणि जुन्यांना घरी गेल्यावर ती अंगावरून उतरवायला त्याहून जास्त. विभागातल्या सर्वांत जुन्या कर्मचारी, ज्यांना सगळे थोरल्या बाई म्हणत, त्यांनी एकदा रजेच्या अर्जात 'काका निकाली निघाल्यामुळे' असं लिहिलं होतं. रजा मंजूर झाली होती. कुणाच्या काही लक्षातही आलं नव्हतं.

त्या गुरुवारी यादीत एक्केचाळीस नावं होती आणि सत्ताविसावं नाव त्याच्या सासूबाईंचं होतं.

त्याने आधी चष्मा पुसला. मग यादी जरा लांब धरली, मग जवळ. नावाच्या खेळात अशा गमती होतात, एकाच नावाच्या दोन बायका एका शहरात असू शकतात. पण पत्ता तोच होता, दुसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्या, जिथे जिन्याची अकरावी पायरी हलते. जन्मतारीख तीच होती, जी तो दरवर्षी विसरायचा आणि बायको आठवण करून द्यायची. आणि विमापत्राचा क्रमांक तर त्याला तोंडपाठ होता, कारण तो त्याने आयुष्यात विकलेला पहिला विमा होता. शेवटच्या रकान्यात संगणकाने निर्विकारपणे भरलं होतं: 'सार्वजनिक आरोग्य विमा योजनेत नोंदणी. सहा आठवडे.' म्हणजे सहा आठवडे सासूबाई सरकारच्या होत्या. या सहा आठवड्यांत तो तीनदा त्यांच्या घरी चहा प्यायला होता. तीनदा त्यांनी त्याला विचारलं होतं, साखर बरोबर आहे का, आणि तो म्हणाला होता, बरोबर आहे. आता त्याला वाटलं, कुठल्याही चहात काहीतरी वेगळं लागलं असणार आणि आपल्याला ते कळलं नाही.

धक्का घरगुती असता तर तो गिळून टाकता आला असता, पण बारा वाजता मोठ्या साहेबांकडे बैठक होती. गेले तीन आठवडे तो 'सार्वजनिक आरोग्य विमा योजनेचा कंपनीच्या उत्पन्नावर होणारा परिणाम' या विषयावर अहवाल लिहीत होता. वर्षापूर्वी सरकारने साठीच्या पुढच्या सगळ्यांसाठी योजना काढली, हप्ता नाही, तपासणी नाही, कार्ड न्या आणि आजारी पडा, तेव्हा कंपनीत सगळे हसले होते. सरकारच्या रांगेत कोण उभं राहणार, असं गणिती म्हणाला होता. गणिती म्हणजे कंपनीचा विमागणिती. माणसं किती वर्षं जगतील हे काढणं हे त्याचं काम, आणि नव्या माणसाशी हात मिळवताना तो ते मनातल्या मनात उरकून घेतो असं म्हणत. सहा महिन्यांनी हसणं थांबलं. आणि तीन आठवड्यांपूर्वी मोठ्या साहेबांनी त्याला बोलावून अगदी मऊ आवाजात सांगितलं, "तुमच्या विभागात सात माणसं. ती सात माणसं जाणाऱ्यांना थांबवतात किती, ते एकदा लिहून द्या. बाकी काही नाही." मोठ्या साहेबांचा आवाज जितका मऊ तितकी गोष्ट टणक, हे सातही जणांना माहीत होतं. त्या सातांमध्ये तो स्वतःही होता. थोरल्या बाईंना निवृत्तीला चौदा महिने राहिले होते आणि गेले तीन आठवडे त्या त्याच्या टेबलावर, न मागता, सोललेलं संत्रं ठेवून जात होत्या.

म्हणून त्याने अहवालाच्या नवव्या पानावर निष्ठा आणली. तरुण जातील, असं त्याने लिहिलं, मधल्या वयाचे कुरकुरतील, पण 'पंधरा वर्षांहून जुने ज्येष्ठ विमाधारक जाणार नाहीत. त्यांचं कंपनीशी असलेलं नातं व्यवहाराच्या पलीकडचं आहे आणि ते नूतनीकरण विभागाने जपलं आहे.' गणितीने कच्चा मसुदा वाचून विचारलं होतं, "निष्ठा कुठल्या रकान्यात टाकू?" तो चिडला होता. तो हे वाक्य लिहीत असताना त्याच्या डोळ्यासमोर एक चेहरा होता म्हणून तर तो चिडला होता. आणि तो चेहरा आता सत्ताविसाव्या ओळीवर होता.

एकोणीस वर्षांपूर्वी तो एजंट होता. उधार आणलेली बॅग घेऊन आणि स्वतःचे घट्ट बूट घालून तो त्या दुसऱ्या मजल्यावर चढला होता आणि अकराव्या पायरीने त्याला घाबरवलं होतं. सासूबाई, म्हणजे तेव्हा त्या फक्त एक ग्राहक होत्या, टेलिफोन केंद्रात ऑपरेटर होत्या. तीस वर्षं त्यांनी लोकांना लोकांशी जोडून दिलं, त्यामुळे समोरच्याचं बोलणं पुरं होईपर्यंत मध्ये न बोलण्याची त्यांना सवय होती. त्याचं पाठ केलेलं सगळं भाषण कुणीतरी पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकलं होतं. शेवटी त्यांनी एकच प्रश्न विचारला, "आजारी पडले नाही तर पैसे परत मिळतात?" तो प्रामाणिकपणे म्हणाला, "नाही." "मग ठीक," त्या म्हणाल्या, "परत मिळत असते तर बरं राहण्यात स्वार्थ आला असता." आणि सही केली. तेवढ्यात त्यांची मुलगी पाणी घेऊन आली. त्यानंतर कलम चार समजावून सांगायला तो एकदा गेला, कलम सात समजावून सांगायला एकदा, आणि तिसऱ्यांदा गेला तेव्हा समजावण्यासारखं कलम उरलं नव्हतं म्हणून त्याने लग्नाचंच विचारलं. त्यामुळे त्याच्या मनात कुठेतरी अशी समजूत रुतून बसली होती की मूळ करार तो विमाच आणि लग्न ही त्याला जोडलेली पुरवणी. आता मूळ करारच गेल्यावर पुरवणीचं काय होतं? याचं उत्तर त्याला व्यवसायामुळे नेमकं माहीत होतं, आणि तो घाईघाईने दुसरा विचार करू लागला. एकोणीस वर्षांत सासूबाईंनी एकदाही दावा केला नव्हता. साधं खरचटल्याचं बिलही नाही. असं माणूस गेलं की गणितीसुद्धा हळहळतो. कारण दावे करणारे गेले तर हप्त्याबरोबर त्यांचा खर्चही जातो. सासूबाईंबरोबर नुसतं उत्पन्नच जातं.

नियम असा होता की पंधरा वर्षांहून जुना माणूस गेला तर विभागप्रमुखाने त्याच दिवशी, दुपारच्या आत, नोंदवलेल्या नंबरवर स्वतः फोन करायचा. नियम त्यानेच केला होता. बोलायचं कसं हेही त्यानेच एका गुलाबी कागदावर लिहून फोनशेजारी चिकटवलं होतं: आधी बातमी, मग नात्याचा उल्लेख, मग थोडं थांबणं. त्याने यंत्रासारखा सत्ताविसाव्या ओळीवरचा नंबर लावला, आणि तो नंबर सासूबाईंचा नसून मेहुण्याचा आहे हे त्याला मेहुण्याचा आवाज ऐकल्यावर आठवलं.

"बोला भाऊजी— क्लच! क्लच दाबा आधी! —बोला, लवकर बोला."

मेहुणा लोकांना मोटार चालवायला शिकवायचा. गेले अकरा महिने त्याचं आणि आईचं बोलणं बंद होतं. चौसष्टाव्या वर्षी सासूबाईंनी गाडी शिकायचं मनावर घेतलं, मुलानेच शिकवायला घेतलं, आणि पाचव्या धड्याला एका मोठ्या चौकात तो त्यांच्यावर ओरडला. सासूबाईंनी गाडी थांबवली, किल्ली काढून त्याच्या हातात दिली आणि चौकाच्या मधोमध उतरून चालत घरी आल्या. दोघांपैकी कुणीच त्यानंतर फोन केला नाही. तीस वर्षं दुसऱ्यांचे फोन जोडून देणाऱ्या बाईला स्वतःचा एक लावता येईना, याची बायकोला फार गंमत वाटायची आणि मग डोळे पुसावे लागायचे.

"अरे, एक वाईट बातमी आहे," गुलाबी कागदावर नजर ठेवून तो म्हणाला. "आई गेल्या."

पलीकडे एक लांबलचक हॉर्न वाजला. मग मेहुण्याचा आवाज आला, पण तो त्याचा नव्हता. "कधी?"

"मला आज सकाळी कळलं."

"असं अचानक?"

"अचानकच. कुणाला पत्ता लागू दिला नाही."

"त्रास… काही त्रास झाला का तिला?"

"त्रास कसला? एकोणीस वर्षांत एका शब्दाने काही मागितलं नाही रे त्यांनी. आल्या तशा गेल्या." कागदावर इथे 'थोडं थांबणं' होतं. तो थांबला.

"माझं बोलायचं राहून गेलं, भाऊजी."

"तुझंच काय, माझंही राहिलं. वेळेवर एक शब्द टाकला असता तर थांबल्या असत्या." हे त्याने कागदाबाहेरचं सांगितलं आणि ते अगदी खरं होतं.

"ताईला सांगितलंत?"

"संध्याकाळी सांगतो. तू काही बोलू नकोस तिला. कामावर असेल, उगाच ओशाळल्यासारखं होईल."

"तुम्ही फार धीराचे आहात हो," मेहुणा हुंदका गिळत म्हणाला. त्याला वाटलं, हा जरा वाढवून बोलतोय. पण बरंही वाटलं. इतक्या वर्षांत त्याच्या कामातलं दुःख सासरच्या कुणाला समजलं नव्हतं. "आम्हाला काय, रोजचंच आहे," तो नम्रपणे म्हणाला. "आज एकट्या आमच्या शाखेत एक्केचाळीस गेले."

"एक्केचाळीस?"

"साथच आलीय म्हण ना."

पलीकडून "लाल आहे! समोर लाल आहे!" असं कुणीतरी ओरडलं, बहुधा शिकणारा, आणि फोन बंद झाला.

बैठकीच्या खोलीबाहेर एक ट्रे असायचा आणि आत जाताना त्यात फोन टाकावे लागत. त्याने फोन टाकला तेव्हा तो थरथरत होता. फोनच, तो नव्हे. आत टेबलाभोवती नऊ जण होते. चौथ्या मजल्यावर रंगकाम चाललं होतं आणि वरून काहीतरी जड ओढल्याचे आवाज येत होते. आधी गणितीने पडद्यावर रेषा दाखवल्या. उत्पन्नाची रेषा जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्या माणसासारखी थांबत थांबत खाली येत होती. दाव्यांची रेषाही तिच्या मागोमाग उतरत होती, पण हातात हात नव्हता. मग मोठे साहेब म्हणाले, "नूतनीकरण. नववं पान वाचा, बाकीचं मी पाहिलंय." तो उभा राहिला. नववं पान त्याच्या हातात होतं आणि त्यावर त्याच्याच अक्षरात एक वाक्य होतं, ज्यावर सात जणांची उपजीविका टांगलेली होती. "पंधरा वर्षांहून जुने ज्येष्ठ विमाधारक," त्याने वाचलं आणि पुढचे दोन शब्द तोंडातून निघेनात. जाणार नाहीत. साधे दोन शब्द. त्याला अकरावी पायरी हलताना दिसली, उधार बॅग दिसली, साखर बरोबर आहे का असं विचारणारा चेहरा दिसला, आणि थोरल्या बाईंचं सोललेलं संत्रं दिसलं. कधीकधी माणूस खरं बोलायचं ठरवत नाही, त्याच्याकडे खोटं बोलण्याइतका दम उरलेला नसतो.

"माझ्या सासूबाई गेल्या," तो म्हणाला.

मोठ्या साहेबांनी पेन खाली ठेवलं. "कधी?"

"आज सकाळी कळलं."

मोठे साहेब उठून उभे राहिले. मग सगळेच उठले. कोणी काही बोललं नाही. सगळे उभे आहेत म्हणून तोही उभाच राहिला आणि माना खाली गेल्या तशी त्याचीही गेली. ही शांतता आपल्या विधानाबद्दलची नसून सासूबाईंबद्दलची आहे, हे त्याच्या लक्षात यायला त्या दोन मिनिटांतलं पहिलं अर्धं मिनिट लागलं. अकरा वर्षं या इमारतीत 'गेल्या' या शब्दाचा एकच अर्थ होता, आणि नेमका आज, नेमक्या याच वाक्यात, तो शब्द उठून स्वतःच्या घरी निघून गेला होता. उरलेल्या दीड मिनिटात तो बोलू शकला असता. पण श्रद्धांजलीच्या शांततेत मध्येच, जिला ती वाहिली जातेय ती जिवंत आहे, असं सांगायची काही पद्धत आहे का? हात वर करायचा की नुसतं खाकरायचं? समोर गणिती डोळे मिटून ओठ हलवत होता. प्रार्थना म्हणत असेल किंवा सासूबाईंचं वय लक्षात घेऊन पुढची वर्षं वजा करत असेल. आणि मग त्याला जाणवलं की आपल्याला आतून बरं वाटतंय. इतके लोक एकाच वेळी सासूबाईंसाठी उभे होते. निष्ठा कुठल्या रकान्यात टाकू म्हणणारासुद्धा उभा होता.

"बसा," मोठे साहेब म्हणाले. "नाही, तुम्ही बसू नका, तुम्ही घरी जा. अहवालाचं राहू द्या. विभागाचं काय करायचं ते नंतर पाहू. अशा दिवशी असले निर्णय घ्यायचे नसतात."

म्हणजे सात माणसं वाचली होती. सासूबाईंनी आयुष्यातला पहिला दावा केला होता आणि तो ताबडतोब मंजूर झाला होता. हा विचार आवडला म्हणून त्याला स्वतःची किळस आली आणि तो म्हणाला, "साहेब, त्या तशा गेल्या नाहीत."

मोठ्या साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "समजतं मला. आपलं माणूस गेलं हे मनाला पटायला वेळ लागतो."

ट्रेमधल्या फोनवर सतरा मिस्ड कॉल होते. अठरावा त्याने उचलला. बायकोचा होता. ती रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती आणि कुणाचाही अहवाल हाती आला तरी तिचा आवाज बदलत नसे. "अहो," ती त्याच आवाजात म्हणाली, "मी आईकडे आहे. आई शेजारी बसलीय. ती विचारतेय, मी किती वाजता गेले? वेळ तेवढी सांगा म्हणतेय."

तो पोहोचला तेव्हा खाली फुटपाथवर अर्धी आणि रस्त्यावर अर्धी अशी ड्रायव्हिंग स्कूलची गाडी उभी होती, चारही दारं उघडी, वायपर चालू. वर सासूबाई त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या. मेहुणा जमिनीवर त्यांच्या पायाशी, डोळे सुजलेले, साथीला घाबरून नाकावर बांधलेला रुमाल आता गळ्यात लोंबत होता. खिडकीशी पन्नाशीचा एक शिंपी, तसाच रुमाल नाकावर अजून बांधून, हातात पाण्याचा पेला धरून उभा होता. तो मेहुण्याचा विद्यार्थी. त्याचा आज तिसरा धडा होता.

"या जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "माझ्याच दुःखाला यायला उशीर केलात."

"आई, माझं म्हणणं असं होतं—"

"कळलं तुमचं म्हणणं. मुलीने उलगडून सांगितलं. तुमच्यात सोडून जाणाऱ्याला गेलेला म्हणतात आणि मेलेल्याला काय ते?"

"निकाली."

"छान. मी निकाली निघाले की तेवढं बरोबर सांगा."

"शहराच्या त्या टोकापासून," शिंपी रुमालातून म्हणाला, "चाळीस मिनिटं गाडी मी चालवली. दुसऱ्याच गिअरमध्ये. तिसरा अजून शिकवला नाही. सर रडत होते. मला आधी वाटलं, माझ्या चालवण्यामुळे."

"मला पाहून तो दारातच खाली बसला," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा हात मुलाच्या डोक्यावर होता, पण असा, की जणू तिथे तो चुकून राहिला आहे. "अकरा महिने मी इथे होते तेव्हा याला यायला जमलं नाही. गेले म्हटल्यावर चाळीस मिनिटांत आला. तेही दुसऱ्या गिअरमध्ये."

"चौकात मी ओरडायला नको होतं," मेहुणा म्हणाला.

"सारखं म्हणत होतास, गोल का फिरतेस, गोल का फिरतेस. अरे, चौकच गोल होता."

बायको स्वयंपाकघरात वळली आणि तिथून तिच्या हसण्याचा आवाज आला. तो उभाच होता. त्याला विचारायचं होतं. सकाळपासून त्याच्या पोटात जो प्रश्न होता तो मेहुण्याच्या अश्रूंपेक्षा आणि बैठकीतल्या शांततेपेक्षा जुना होता, जवळजवळ एकोणीस वर्षं जुना. पण तो तोंड उघडणार तोच बेल वाजली. सासूबाईंनीच उठून दार उघडलं. दारात मोठे साहेब होते, हातात पांढरी फुलं, मागे गणिती.

"आपण नातेवाईक का?" मोठे साहेब मऊपणे म्हणाले. "फोटो कुठे लावलाय त्यांचा?"

"फोटो कशाला, मीच आहे," सासूबाई म्हणाल्या. "द्या ती फुलं, पाण्यात ठेवते."

मोठे साहेब बसले. कुठे बसतोय हे त्यांनी पाहिलं नाही, पण सुदैवाने खाली स्टूल होतं. खुलासा करायला त्याला चार मिनिटं लागली आणि तेवढ्या वेळात त्याने मनातल्या मनात टेबलाचा खण आवरला, थोरल्या बाईंची क्षमा मागितली आणि पुन्हा बूट चढवून एजंट म्हणून जिने चढायला सुरुवात केली. एकटा गणिती खुश होता. "म्हणजे निकाली नाहीत, गेलेल्या!" तो पुन्हा पुन्हा म्हणाला, एखादी बेरीज जुळल्यासारखा.

"बघू ते सरकारी कार्ड," मोठे साहेब अखेर म्हणाले.

सासूबाईंनी कपाटातून कार्ड काढून दिलं. मोठ्या साहेबांनी ते उलटं केलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि मागच्या बाजूच्या मुंगीएवढ्या अक्षरांवर नखाने खूण करून त्याच्यापुढे धरलं. 'योजनेचं व्यवस्थापन' असं तिथे छापलं होतं आणि पुढे त्याच्याच कंपनीचं नाव होतं.

"या कुठे गेलेल्या नाहीत," मोठे साहेब म्हणाले. "या चौथ्या मजल्यावर आहेत. करार चार महिन्यांपूर्वी झाला, जाहीर पुढच्या आठवड्यात करायचाय. पूर्वी या द्यायच्या त्याच्या अकराव्या हिश्शाएवढं यांच्यामागे सरकार देतं. पण सरकार माणसं एकेक करून देत नाही, लाखाने देतं. आणि त्यांच्याकडे नूतनीकरणाला फोन करावा लागत नाही."

"मग माझा अहवाल?"

"तो सरकारला दाखवायचा होता, आपलं किती नुकसान होतंय ते. दर वाढवून मागायचाय ना. आणि तुम्ही लिहिलंत, कुणी जाणारच नाही." मोठ्या साहेबांचा आवाज आणखी मऊ झाला. "तुमची ती निष्ठा फार अडचणीची होती हो. नववं पान काढून टाका आणि सोमवारी सातही जण वर या. चौथ्या मजल्यावर चौकशीचे फोन घ्यायला माणसं लागणारच आहेत."

ते गेले तेव्हा शिंप्याने त्यांच्यासाठी दार उघडून धरलं आणि रुमाल काढून नमस्कार केला. सात माणसांचा प्रश्न सुटला होता आणि त्याला तो सुटल्यासारखा वाटत नव्हता. निष्ठेसाठी रकाना नव्हता, ठीक. पण ती अडचणीची होती, हे ऐकायची त्याची तयारी नव्हती. त्याने बॅगेतून फॉर्म काढला. सवयीनेच काढला. दीड इंच जागा पांढरी होती.

"आई, का गेलात?" त्याने विचारलं. "खरं सांगा. पैशाचं होतं? की माझंच काही चुकलं?"

सासूबाईंनी फुलांचं भांडं टेबलावर ठेवलं आणि त्याचं बोलणं पुरं झालंय याची खात्री करून घेतली. "तुमचं बटण दाबलं ना नूतनीकरणाचं, की ओटीपी येतो," त्या म्हणाल्या. "तो माझ्या फोनवर येत नाही. तुम्हीच तेव्हा या पोराचा नंबर घातला होता. आधी दरवर्षी मी याला फोन करायचे, हा आकडे वाचून दाखवायचा. यंदा आमचं बोलणं बंद."

मेहुण्याने मान वर केली. "मला आले होते चार. मला वाटलं फसवणुकीचे असतील. मी पुसून टाकले."

"मी चार वेळा बटण दाबलं," सासूबाई म्हणाल्या. "म्हटलं, एवढे आकडे गेलेत तर विचारायला तरी फोन करेल." थोडा वेळ त्या गप्प राहिल्या, कागदावर लिहिलेलं नसताना. "सरकारकडे अंगठा चालतो."

त्याने फॉर्मवर लिहिलं: 'ओटीपी दुसऱ्याच्या फोनवर जातो.' अक्षर बारीक काढावं लागलं नाही. मेहुण्याने आईला खाली गाडी दाखवायला नेलं, सासूबाई स्टिअरिंगवर बसल्या, शिंपी मागच्या सीटवर, आणि खिडकीतून त्याने पाहिलं तेव्हा गाडी चौकातून तिसरा फेरा घेत होती आणि कुणी ओरडत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी त्याने यादी पुन्हा काढून नंबर तपासले. एक्केचाळीस गेलेल्यांपैकी तेहतीस जणांच्या नावापुढचा फोन नंबर त्यांचा स्वतःचा नव्हता.